पिंपरी-चिंचवडचा वाहनउद्योग आणि विद्युतदाबाचा सेतू : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाची मांडणी सामान्यतः कारखाने, कामगार आणि उत्पादनसंख्या यांच्या आधारे केली जाते. १९६६ मध्ये टेल्कोने येथे प्रकल्प उभारला, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, या नोंदी सर्वपरिचित आहेत. याच काळात वाहनाच्या अंतरंगात घडलेले एक स्थित्यंतर मात्र दुर्लक्षित राहिले. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समस्येचे स्वरूप : मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची आणि अवजड मालमोटारीची यंत्रणा २४ व्होल्टची, हे प्रमाण दशकानुदशके टिकून राहिले. चिपचे तसे झाले नाही. १९६० च्या दशकातील टी.टी.एल. चिपांनी ५ व्होल्ट रूढ केले. १९९० च्या दशकात ट्रान्झिस्टर सूक्ष्म होत गेले, तसे ३.३ व्होल्ट प्रचलित झाले. ५ व्होल्टवरील सी-मॉस चिपला ‘एक’ हा संकेत ओळखण्यास सुमारे ३.५ व्होल्ट लागतात, ३.३ व्होल्टची चिप तेवढे देऊ शकत नाही. उलट दिशेने आलेले ५ व्होल्ट, चिप ते सोसण्यास सिद्ध नसेल तर, तिच्या संरक्षक डायोडमधून प्रवाह वाहवून तिला निकामी करू शकतात.

उपायांची वाटचाल : १९८९ च्या आय.एस.ओ. ९१४१ मानकातील ‘के-लाइन’ ही तार रोधाद्वारे बॅटरीच्या दाबावर ठेवलेली असते. चिप तिच्यावर दाब देत नाही. ट्रान्झिस्टरकरवी तिला केवळ शून्याकडे खेचते. त्यामुळे अल्पदाबाची चिप अधिक दाबाच्या तारेवर संदेश पाठवू शकते. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीत दोन तारांतील दाबाचा फरक वाचला जातो. तेथे ट्रान्सीव्हर ही चिप मध्यस्थ असते : तारांच्या बाजूस ५ व्होल्ट, तर नियंत्रकाच्या बाजूस ३.३ व्होल्ट.

स्थानिक संदर्भ : एप्रिल २०१० पासून पुण्यासह १३ शहरांत ‘भारत स्टेज-४’ प्रदूषण मानके लागू झाली, २०२० मध्ये ‘भारत स्टेज-६’ देशभर आली. इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण त्यामुळे अपरिहार्य ठरले आणि हे मध्यस्थ घटकही. २०२१ मधील जागतिक चिपटंचाईने भारतातील वाहननिर्मिती खोळंबली, तेव्हा या परावलंबनाची जाणीव तीव्र झाली.

निष्कर्ष : वेगाने बदलणारी चिप आणि संथपणे बदलणारी वाहनाची विद्युतयंत्रणा एकत्र नांदू शकल्या, त्या या सेतूमुळेच. पोलाद व यंत्रशाळा यांच्याइतकेच स्थान या घटकास औद्योगिक इतिहासात मिळणे आवश्यक आहे. अन्यथा या परिसराच्या सामर्थ्याची नोंद होईल, परंतु त्याच्या परावलंबनाची होणार नाही.