मुंबईची तार आणि मलायाचं जंगल

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या आणि आपल्याकडे नेट रडतखडत चालायला लागलं, तेव्हाची गोष्ट. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "अहो पत्रकार, समुद्रात एवढ्या वायरी टाकतात, मासे मरत नाहीत का?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नंतर वाचत बसलो आणि कळलं की प्रश्न बरोबर होता, जागा चुकली होती. केबलने सगळ्यात मोठा घाव समुद्रात घातलाच नाही. तो घातला जंगलात.

फेब्रुवारी १८७०. 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज मुंबईत आलेलं. ऊन कमी लागावं म्हणून पांढरं रंगवलेलं. त्याने मुंबईहून एडनच्या दिशेने तार टाकत नेली आणि जूनपर्यंत मुंबई-लंडन जोडणी पूर्ण झाली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव कळायला जिथे आठवडे लागायचे, तिथे तो काही तासांत कळू लागला. आपल्या व्यापाऱ्यांनाही याचा फायदा झाला, हे मान्य करायला हवं.

या तारेच्या पोटात तांबं, बाहेर लोखंडाच्या तारा आणि मधे गटापर्चा. तुमचं रूट कॅनल झालं असेल तर तो तुमच्या दातात आहे. मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलातल्या एका झाडाचा हा चीक. सिंगापूरमधल्या डॉ. माँटगोमेरी यांनी १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले. पुढे फॅरेडेने दाखवून दिलं की यातून वीज गळत नाही. खाऱ्या पाण्यात तर तो वर्षानुवर्षं टिकतो. झालं, झाडाचं मरण ठरलं.

कारण हा चीक रबरासारखा खाच पाडली की धो धो वाहत नाही. म्हणून झाड आडवंच पाडायचे, खोडावर जागोजागी गोल खाचा घालायचे आणि मिळेल तेवढा चीक गोळा करायचे. एका झाडामागे जेमतेम ३०० ग्रॅम. १८५७-५८ च्या अटलांटिक केबलला सुमारे २५० टन गटापर्चा लागला. हिशेब करा, ८ लाखांच्या वर झाडं, तीही एका केबलसाठी. आणि ती केबल काही आठवड्यांत बंद पडली! इतिहासकार जॉन टली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या सगळ्या केबलींचा अंदाज मांडला आहे, तो पावणेनऊ कोटी झाडांच्या आसपास जातो. लंडनमध्ये तारा वाचणाऱ्याला हे दिसायचं कारणच नव्हतं. जंगलात कुऱ्हाड चालवणारा मलायी किंवा दायक माणूस मात्र दरवर्षी आणखी आत, आणखी लांब जात होता.

मग सुधारणा कशी झाली? दया आली म्हणून नाही, माल संपत आला म्हणून. डचांनी १८८५ मध्ये जावात त्जिपेतिर इथे या झाडांची लागवड केली. तिथे पुढे झाड न तोडता पानांतून चीक काढू लागले. खरी सुटका झाली ती पॉलिथिनमुळे. १९३३ मध्ये इंग्लंडच्या प्रयोगशाळेत ते सापडलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर केबलमधून गटापर्चा हटला. ज्या प्लास्टिकला आज आपण शिव्या घालतो, त्यानेच ते जंगल वाचवलं. मला हे पचायला जरा वेळ लागला.

तर टपरीवरच्या मित्रा, तुझ्या माशांचं उत्तर. खोल समुद्रात आजची केबल बागेच्या पाइपाएवढी जाड, नुसती तळावर पडून असते. कॅलिफोर्नियाजवळ अशी एक केबल काही वर्षांनी तपासली, तर तळावरच्या जिवांत फारसा फरक नव्हता, उलट केबलवर समुद्रफुलं चिकटून वाढलेली. त्रास असतो तो किनाऱ्याजवळ. तिथे नांगराने चर पाडून केबल पुरतात, गाळ ढवळतो. म्हणून आता प्रवाळ आणि कांदळवन टाळून मार्ग आखता येतो, वाळूखालून आडवं भोक पाडून केबल आत घेता येते, आणि जुनी केबल उचलून तांबं-पोलाद पुन्हा वापरता येतं.

येतं म्हणजे दरवेळी करतात असं नाही. आपल्या किनाऱ्यावर नवी केबल यायची झाली, तर मासेमारी किती दिवस बंद हे कोळी बांधव विचारतीलच. मी विचारणार आहे, जुनीचं काय करणार, आणि नवीतलं तांबं कुठल्या डोंगरातून आणलंत?