संगणक चालवणं आणि संगणकाला सांगणं

आज आम्ही तुम्हाला मुंबईच्या जोगेश्वरीला नेणार आहोत. पूर्वेला टेकडीवर इस्माइल युसूफ कॉलेज आहे. ते १९३० साली सुरू झालं, तेव्हा संगणक जगात कुठेच नव्हता. आपल्याकडे १९६० साली कुलाब्याच्या टाटा संशोधन संस्थेत टिफरॅक नावाचा संगणक चालू झाला. त्याला हात लावणारे होते मोजके शास्त्रज्ञ.

१९७३ साली जोगेश्वरीच्या शेजारी, अंधेरी पूर्वेला सिप्झ वसलं. परदेशात माल पाठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांची ही वसाहत. बारीक तारा, सुटे भाग जोडायला तिथे पुष्कळ मुली कामाला लागल्या. पुढे सॉफ्टवेअर कंपन्याही आल्या. पण यंत्र जोडणारीचा पगार वेगळा आणि यंत्राला काम सांगणारीचा वेगळा. हे काम सांगणं म्हणजेच प्रोग्रामिंग.

आपल्या बचत गटाचंच बघा. हप्ते संगणकात भरणं ही नोंद झाली. पण 'जिचा हप्ता दोन महिने थकला तिचं नाव दाखव, व्याज इतकं धर' असं संगणकाला त्याच्या भाषेत पायरी-पायरीनं लिहून देणं हा प्रोग्राम. त्याला लागतो नीट विचार, आणि तो बायकांना नवा नाही. अमेरिकेत १९४६ साली लोकांसमोर आलेल्या एनिअॅक संगणकाचे प्रोग्राम सहा तरुणींनी तयार केले होते.

मग आपल्या मुली मागे का राहिल्या? कारण शिकवणारी जागा घरापासून दूर आणि महाग. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. त्याच एसएनडीटी विद्यापीठानं जोगेश्वरीहून जवळच, जुहूला, १९७६ साली मुलींचं तंत्रनिकेतन आणि १९९७ साली मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज उघडलं. मुलीला दूर पाठवायला कचरणाऱ्या आईबापांना ते दार सोपं गेलं.

दुसरी अडचण भाषेची. जोगेश्वरीहून विक्रोळीला जाणारा जोडरस्ता सिप्झवरून पवईच्या आयआयटीपाशी जातो. तिथल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे धडे तयार केले. पडद्यावर कृती दिसते, कानावर मराठी पडतं. सी, जावा, पायथन अशा प्रोग्रामिंगच्या भाषांचे धडे त्यात आहेत आणि ते फुकट आहेत. गावोगावच्या कॉलेजांत त्यावरून प्रशिक्षणही होतं.

आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग आहेत. त्यानं संगणकाची भीती गेली, हे मोठंच काम झालं. पण ती पहिली पायरी. तेवढ्यावर थांबलेली मुलगी दुसऱ्याची माहिती भरत बसते.

म्हणून मैत्रिणींनो, लेकीची फी भरण्याआधी तालुक्याच्या कॉलेजात जाऊन विचारा: इथे प्रोग्राम लिहायला शिकवतात का? प्रत्येकीला यंत्रावर रोज किती वेळ मिळतो? वर्षाअखेर मुली स्वतः काय बनवून दाखवतात? उत्तरं गटाच्या बैठकीत सगळ्याजणींना सांगा. एकीनं विचारलं तर उडवून लावतील, वीसजणी गेल्या तर उत्तर द्यावंच लागेल.