रेणूतली ऊर्जा जाते कुठे?

देवळातली घंटा वाजवली की तिचा नाद हळूहळू विरत जातो. रेणूतले अणूही असेच थरथरत असतात. मात्र द्रवातल्या रेणूला दिलेला टोला बहुधा काही पिकोसेकंदांतच विरतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. मग ती ऊर्जा जाते कुठे? हा प्रश्न मला विद्यार्थीदशेपासून छळत आला आहे.

ही थरथर प्रकाशात वाचण्याची युक्ती सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधली. पण हा प्रकाश फार क्षीण! पदार्थावर पडणाऱ्या कोटभर प्रकाशकणांमागे साधारण एखादाच रंग बदलून बाहेर येतो. आम्ही पाऱ्याच्या दिव्यासमोर एकेका फोटोप्लेटसाठी तासन्‌तास थांबत असू. तेवढ्या वेळात एका टोल्याचा माग कसा लागणार?

वाट सापडली ती अपघाताने. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूज कंपनीत वुडबरी आणि एंग माणिक-लेझरवर काम करत होते. झडप म्हणून त्यांनी लेझरमध्ये नायट्रोबेंझीनची कुपी ठेवली होती. बाहेर येणाऱ्या झोतात माणकाचा नसलेला, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मिसळलेला आढळला. दोष माणकाचा नव्हता. नायट्रोबेंझीनचे रेणूच तो प्रकाश देत होते. लेझर इतका प्रखर होता की क्षीण रामन परिणाम स्वतःच स्वतःला वाढवत गेला होता.

म्युनिकच्या लाउबेरो, फॉन डेर लिंडे आणि कायझर यांनी हेच हत्यार उचलले. लेझरच्या एका स्पंदाने रेणूंना टोला द्यायचा आणि क्षणार्धाने दुसरा स्पंद पाठवून किती रेणू अजून थरथरताहेत ते पाहायचे. १९७२ मध्ये द्रवातल्या रेणूंच्या थरथरीचे आयुष्य असे प्रथमच थेट मोजले गेले.

त्या दशकात अनेक रसायनशास्त्रज्ञांचे एक स्वप्न होते. लेझरची कात्री करायची आणि रेणूतला हवा तो बंध तेवढा तोडायचा. मोठ्या रेणूंनी ते उधळून लावले. बंध तुटण्याआधीच ऊर्जा शेजारच्या बंधांत वाटली जाई. मला यात अपयश दिसत नाही, कारण ऊर्जा किती घाईने पसरते हे त्यामुळेच ध्यानात आले.

कात्री चाललीच नाही असेही नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनला फ्लेमिंग क्रिम यांनी १९९० मध्ये पाण्याचा असा रेणू घेतला, ज्यात एका बाजूला साधा हायड्रोजन होता आणि दुसऱ्या बाजूला जड. साध्या बाजूच्या बंधाला त्यांनी लेझरने थरथरवले आणि त्यावर हायड्रोजनचे अणू सोडले. तुटला तो तोच बंध. एवढ्याशा रेणूत ऊर्जेला पांगायला फारशा वाटाच नव्हत्या.