खांद्याच्या आतले चित्र

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, आकाशकंदील टांगायला मी स्टुलावर चढलो आणि स्टूल निसटले. मी खाली पडलो नाही, हेच वाईट झाले. उजव्या हाताने ओसरीची तुळई धरली आणि साऱ्या देहाचा भार क्षणभर त्या एका खांद्यावर आला. आत कुठेतरी ओले फडके फाटावे तसा आवाज झाला. घरातली मंडळी म्हणतात, तो आवाज कंदिलाच्या काड्यांचा होता.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झाल्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली; कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. दिवसा फळा आणि रात्री कादंबरीचे कागद, अशी माझी भाकरी आणि माझा छंद दोन्ही त्या उजव्या हातावर. सुट्टी संपून शाळा उघडली, तर खडू धरलेला हात खांद्याच्या वर जाईना. तालुक्याला जाऊन क्ष-किरणांचे चित्र काढले. हाडे शाबूत. "मुका मार आहे, बरे वाटेल," असा निकाल मिळाला. पुढे दोन महिने जो तो विचारी, "एक्स-रेत काही नाही ना? मग?" त्या 'मग'ला माझ्यापाशी उत्तर नव्हते. रात्री त्या कुशीवर वळता येत नसे. दुखणे दाखवता येत नसले, की माणूस हळूहळू स्वतःलाच लबाड समजू लागतो, वाचकहो.

अखेर शहरातल्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितले. त्या नळीत मी अर्धा तास निश्चल पडून होतो. बाहेर आल्यावर मला एकच कुतूहल लागले: जे क्ष-किरणांना दिसले नाही ते याला कसे दिसले, आणि हे आधी कोणाला सुचले?

शोध घेता घेता मी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी पोचलो. अर्थात पुस्तकांतून! तिथे अर्नेस्ट कॉडमन नावाचे शस्त्रवैद्य होते. १८९५ साली रोंटगेनला क्ष-किरण सापडले, त्याच वर्षी कॉडमन डॉक्टर झाले, आणि ते नवे यंत्र प्रथम हाताळणाऱ्यांत त्यांची गणना होते. पण हाड सावली पाडते, तशी कंडरा पाडत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. (स्नायू ज्या चिवट दोरीने हाडाला बांधलेला असतो ती कंडरा. खांद्यात अशा चार दोऱ्या मिळून हाडाच्या गोळ्यावर टोपी घालतात.) ही टोपी फाटते, हे लंडनच्या जे. जी. स्मिथ यांनी १८३४ साली लिहून ठेवले होते; पण ते मृतदेहांच्या खांद्यांवरून. जिवंत माणसाची फाटलेली कंडरा कॉडमननी १९०९ साली टाके घालून शिवली आणि १९३४ साली 'द शोल्डर' हा ग्रंथ पदरच्या पैशाने छापला.

गृहस्थ तऱ्हेवाईकच. प्रत्येक रोग्याला वर्षभराने पुन्हा बोलवावे आणि त्याला खरोखर गुण आला की नाही हे इस्पितळाने उघड लिहावे, असा त्यांचा हट्ट होता. १९१५ साली डॉक्टरांच्या भरसभेत त्यांनी एक व्यंगचित्र टांगले: वाळूत डोके खुपसलेला शहामृग डॉक्टरांकडे सोन्याची अंडी उडवतो आहे. शहरातले प्रतिष्ठित लोक दुरावले, ते दुरावलेच. १९४० साली कॉडमन वारले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ साली.

पुढे सांध्यात क्ष-किरण अडवणारे औषध सुईने भरून फट शोधण्याची युक्ती निघाली; स्वीडनच्या लिंडब्लोम यांनी १९३९ साली ती खांद्यासाठी मांडली. औषध जिथून गळेल तिथे भोक. आमच्याकडे सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर काढतात, त्यातलाच प्रकार! पण न टोचता आतले पाहायचे, तर निराळीच विद्या लागणार होती.

ती विद्या पाण्याची आहे. आपल्या देहात बहुतेक पाणीच, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. अशा अणूचे केंद्र म्हणजे जणू इवलासा लोहचुंबक. मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओच्या लहरींनी डिवचले, तर ते डोलते आणि उलट साद देते. ब्लॉक व पर्सेल यांनी १९४६ साली हे निरनिराळे दाखवले. १९५२चे नोबेल दोघांना मिळाले. मात्र साद आली तरी ती कुठून आली हे कळत नव्हते. १९७१च्या सप्टेंबरात न्यू केन्सिंग्टन गावच्या एका खाणावळीत पॉल लॉटरबर यांना उपाय सुचला: चुंबकाचा जोर एका बाजूला मुद्दाम कमी, दुसऱ्या बाजूला अधिक ठेवावा, म्हणजे प्रत्येक जागेचा सूर वेगळा होईल. त्याच रात्री वही विकत घेऊन त्यांनी तो टिपून ठेवला. लेख आधी परत आला होता, पण १९७३ साली 'नेचर'मध्ये छापून निघाला. त्यात चित्र होते पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे!

रेमंड डमेडियन यांनी १९७७च्या ३ जुलैला आख्ख्या माणसासाठी बांधलेले यंत्र चालवले. आधी ते स्वतःच आत बसले, पण देह स्थूल असल्याने साद मिळेना. मग सडपातळ सहकाऱ्याला बसवले आणि छातीच्या एका चित्रासाठी पावणेपाच तास घालवले.

पण माझा जीव अडकला तो इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्ड यांच्यात. पंधराव्या वर्षी त्यांनी शाळेच्या मार्गदर्शक शिक्षकाला सांगितले, की मला विज्ञानात काम करायचे आहे. शिक्षकांनी सुचवले, जरा बेताचे काही पाहा. मुलगा शाळा सोडून छापखान्यात लागला, मग रात्री अभ्यास करून विद्यापीठात गेला. चित्र झटपट काढण्याचे गणित त्यांनी बसवले, आणि धोक्याचा इशारा असूनही १९७८ साली स्वतःच त्या चुंबकात शिरले. २००३ साली नोबेल मिळाले ते लॉटरबर आणि त्यांना. डमेडियन यांनी चिडून वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. मी ते मार्गदर्शक शिक्षकाचे वाक्य वाचून पुस्तक मिटले. असे शेरे मीही मुलांच्या प्रगतिपुस्तकांत लिहिले आहेत.

खांदा या यंत्राच्या तावडीत उशिरा आला. चुंबक नळीच्या मध्यावर सर्वांत सुरेल, आणि खांदा बसतो कडेला. १९८०नंतर खांद्यावरच बसणारी तारांची वेटोळी निघाली, तेव्हा चित्रे नीट येऊ लागली. मलाही तसेच एक वेटोळे बांधले होते. चुंबकाचा जोर पृथ्वीच्या सुमारे ३०,००० पट, आणि आवाज पत्र्याच्या छपरावर कोणी हातोडे मारावेत असा.

चित्रे पाहिली. निरोगी कंडरा काळी दिसते, कारण तिच्यातले पाणी तंतूंत घट्ट बांधलेले असून त्याची साद लगेच विझते. फाटल्या जागी पाझरलेले पाणी पांढरे चमकते. माझ्या काळ्या पट्ट्यात खालच्या अंगाने एक पांढरी चीर होती. पुरती आरपार नव्हे. खरे सांगतो, मला आनंदच झाला!

डॉक्टरांनी तो फार टिकू दिला नाही. म्हणाले, "सर, चित्र फसवतेसुद्धा. तंतू चुंबकाशी ५५ अंशांचा कोन करू लागले, तर धडधाकट कंडराही उजळ दिसते." कोनमापक घेऊन ३० मुलांना शिकवणाऱ्या मला हे फारच पटले. १९९५ साली अमेरिकेत खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या ९६ जणांची अशी चित्रे काढली, तेव्हा ३४ टक्क्यांच्या कंडरा फाटलेल्या निघाल्या. "तेव्हा चीर दिसली, म्हणजे दुखणे तिचेच असे नाही," असे म्हणून त्यांनी माझा हात धरला, फिरवला, दाबला, "इथे?" विचारले, आणि मग चित्राकडे पुन्हा पाहिले. शस्त्रक्रिया आज नको, व्यायाम करा.

व्यायाम असा: टेबलाला डावा हात टेकून वाकायचे, उजवा हात सैल सोडायचा, आणि घंटेच्या लोळीसारखा झुलवायचा. त्याला कॉडमनचाच व्यायाम म्हणतात. ओसरीत मी झुलू लागलो, की धाकटी 'टण टण' म्हणत शाळा सुटल्याचे जाहीर करते. हात आता फळ्याच्या वरून तिसऱ्या ओळीपर्यंत जातो. वरच्या दोन ओळी मुले लिहितात, अक्षर बरे काढतात.

केसपेपरावर डॉक्टरांनी वर्षानंतरची तारीख लिहून दिली आहे. ती भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येते. यंदाचा कंदील थोरल्याने टांगला. मी स्टूल धरून खाली उभा होतो.