एक बेट, एक रिसॉर्ट : मालदीवमधील विकतचा एकांत

हिंदी महासागरात, लक्षद्वीपच्या दक्षिणेस पसरलेला मालदीव हा सुमारे १,२०० प्रवाळबेटांचा देश आहे. प्रवाळभित्तीच्या कड्यात गुंफलेल्या बेटांच्या समूहास भूगोलात कंकणद्वीप म्हणतात. त्यासाठी जगभर रूढ असलेला 'अ‍ॅटॉल' हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतूनच आलेला आहे. देशाचा विस्तार उत्तर-दक्षिण ८०० किलोमीटरहून अधिक असला, तरी सर्व बेटांची जमीन एकत्र केल्यास ती जेमतेम ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईहूनही कमी भरते. वस्ती १९० च्या आतबाहेर बेटांवर आहे. दीडशेहून अधिक बेटे मात्र केवळ पर्यटकांसाठी राखलेली आहेत. अशा प्रत्येक बेटावर एकच रिसॉर्ट असते आणि त्याखेरीज दुसरे काहीही नसते. उष्ण कटिबंधातील आलिशान 'खासगी बेटा'ची जी प्रतिमा आज सर्वत्र परिचित आहे, ती घडविण्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे.

शहाळ्यापासून सुरुवात

एकेकाळी हा देश सुकवलेले मासे, काथ्या आणि कवड्या यांसाठी ओळखला जाई. बंगालच्या बाजारात चलन म्हणून चालणाऱ्या कवड्या येथूनच जात. पर्यटनाचा आरंभ १९७२ मध्ये झाला. जॉर्ज कॉर्बिन या इटालियन पर्यटन व्यावसायिकाने अहमद नसीम आदी स्थानिक तरुणांच्या साहाय्याने येथे पर्यटक आणण्याचे ठरविले. राजधानी मालेजवळच्या विहामानाफुशी या बेटावर त्या वर्षी ऑक्टोबरात ३० खोल्यांचे 'कुरुम्बा' हे पहिले रिसॉर्ट उघडले. कुरुम्बा म्हणजे शहाळे. प्रवाळदगडाच्या भिंती, झावळ्यांचे छप्पर आणि आंघोळीला मचूळ पाणी, असे त्याचे स्वरूप होते. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि युरोपातून थेट विमाने येऊ लागली. १९९५ मध्ये बा अ‍ॅटॉलमध्ये सुरू झालेल्या 'सोनेवा फुशी'ने पाहुण्यांना पादत्राणे काढून ठेवायला लावली आणि साधेपणा हीच चैन म्हणून विकली. पाण्यावर खांबांच्या आधाराने उभारलेल्या खोल्यांची कल्पना मात्र मालदीवची नव्हे. ती १९६७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातील रायातेआ बेटावर प्रथम प्रत्यक्षात आली.

बेट कोणाचे?

'खासगी बेट' हा शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. बेट सरकारच्याच मालकीचे राहते. कंपनीला ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते आणि पाहुणा त्यातील एक खोली वा व्हिला भाड्याने घेतो. बा अ‍ॅटॉलमधील 'वोआवा'सारखी संपूर्ण बेट एकाच कुटुंबाला वा मित्रमंडळाला देणारी ठिकाणेही आहेत. पण ती अपवादात्मक. बांधकाम झाडांच्या शेंड्यांहून उंच असू नये, या संकेतामुळे दुरून पाहणाऱ्याला बेटावर केवळ नारळीची रांग दिसते.

या निर्जन भासणाऱ्या बेटावर प्रत्यक्षात एक छोटे गावच चालते. वीज बहुधा डिझेलच्या जनित्रांवर निर्माण होते. अलीकडे सौरऊर्जेची जोड मिळू लागली आहे. गोडे पाणी समुद्राचे पाणी निःक्षारित करून मिळविले जाते. मासळी आणि नारळ सोडल्यास तांदूळ, भाजी, दूध, फळे असे जवळजवळ सर्व काही परदेशांतून जहाजाने वा विमानाने येते. कर्मचाऱ्यांच्या चाळी, भटारखाने आणि धोबीखाने बेटाच्या मध्यभागी, झाडीआड असतात. तेथे मालदीवच्या तरुणांबरोबर भारत, श्रीलंका व बांगलादेशातील माणसे महिनोन्‌महिने घरापासून दूर राहून राबत असतात. स्थानिक स्त्रियांचे प्रमाण त्यांत पूर्वीपासून कमी राहिले आहे, कारण मुलीने घर सोडून दूरच्या बेटावर मुक्कामाने नोकरी करावी, हे अनेक कुटुंबांना रुचत नाही.

प्रवास आणि खर्च

मुंबईहून थेट विमानाने माले सुमारे तीन तासांवर आहे. पर्यटकांना ३० दिवसांचा व्हिसा विमानतळावरच विनाशुल्क मिळतो. प्रवासी घोषणापत्र मात्र त्याआधीच्या ९६ तासांत संगणकावर भरावे लागते. जवळच्या बेटांवर वेगवान बोटीने, तर दूरच्या बेटांवर सागरी विमानाने जावे लागते. ही विमाने केवळ दिवसाउजेडी उडतात. त्यामुळे दुपारी उशिरा मालेत उतरणाऱ्याची पहिली रात्र राजधानीच्या परिसरातच जाते. सामानाची मर्यादाही साधारण २० किलो अधिक हातातील ५ किलो अशी कडक असते. कित्येक रिसॉर्टे आपले घड्याळ मालेच्या वेळेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, जेणेकरून पाहुण्याला संध्याकाळचा उजेड अधिक काळ लाभावा. विमानाची वेळ मालेच्या घड्याळानुसार असते, हे परतताना विसरून चालत नाही.

जाहिरातीतील दर हा अंतिम दर नसतो. त्यावर सामान्यतः १० टक्के सेवाशुल्क आणि त्या एकत्रित रकमेवर जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन कर लागतो. म्हणजे १,००० डॉलरच्या खोलीचे देयक १,२८७ डॉलरचे होते. शिवाय रिसॉर्टमध्ये दरडोई, दर रात्री १२ डॉलर हरित कर आहे. चार रात्रींच्या मुक्कामाला जोडप्यामागे ९६ डॉलर एवढाच त्याचा भार. सागरी विमानाचे जाण्यायेण्याचे भाडेही दरडोई काहीशे डॉलर असते. बेटावर दुसरे दुकान वा उपाहारगृह नसल्याने जेवणाचा दर आरक्षणाच्या वेळीच ठरविणे शहाणपणाचे ठरते.

डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम आणि म्हणून महाग. मे ते नोव्हेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा. त्या काळात दर उतरतात आणि बा अ‍ॅटॉलमधील हनिफारू उपसागरात मांटा नावाचे महाकाय पाकट मासे गोळा होतात. बाहेरून मद्य, डुकराचे मांस वा पूजेच्या मूर्ती आणण्यास बंदी आहे. मद्य रिसॉर्टमध्ये मिळते. वस्तीच्या बेटांवर ते निषिद्ध आहे.

वेगळेपणाची किंमत

पर्यटक एका बेटावर आणि रहिवासी दुसऱ्या बेटावर, हे अंतर धोरणाने राखलेले होते. मुस्लिम समाजाच्या रीतिरिवाजांना त्यामुळे धक्का लागला नाही. तथापि पर्यटनाचा पैसा दीर्घकाळ मोजक्या भाडेपट्टेदारांच्या हाती राहिला. २००९ मध्ये वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना मुभा मिळाली, तेव्हा हे चित्र पालटू लागले. माफुशीसारख्या बेटावर सामान्य घरांतून खोल्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या आणि मध्यमवर्गीय प्रवाशालाही तोच समुद्र परवडू लागला.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे. ही बेटे समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच उंच आहेत. ज्या पांढऱ्या वाळूसाठी पाहुणा येतो, ती प्रवाळांच्या चुऱ्याची असते. पोपट मासा प्रवाळ कुरतडतो आणि त्याच्या विष्ठेवाटे तिचा मोठा भाग किनाऱ्याला मिळतो. मोसमी वारे बदलले की ही वाळू बेटाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकते. धक्के आणि भिंती बांधून ती अडविली, की एका ठिकाणी किनारा साचतो आणि दुसरीकडे खचतो. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्राचे पाणी तापल्याने प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अनेक रिसॉर्टे काही काळ बंद ठेवावी लागली. मालेजवळच्या थिलाफुशी या भर घालून वाढविलेल्या बेटावर राजधानीबरोबर रिसॉर्टांचाही कचरा १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून साठत आला. बेट निवडताना निःक्षारीकरण, सांडपाणी, कचरा आणि वीज यांची व्यवस्था विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे. प्रवाळ उचलू नये वा त्यावर पाय देऊ नये, हा नियम तर प्रत्येकास लागू आहे.

२०२४ मध्ये २० लाखांहून अधिक पर्यटक मालदीवला आले. काही बेटांचे भाडेपट्टे अर्धशतकाच्या मुदतीचे आहेत. ती मुदत संपेपर्यंत किनारा जागेवर राहील की नाही, हे बेटाभोवतीचे प्रवाळ किती जगते यावर अवलंबून आहे.