कासव भुंगेरा

कासव भुंगेरा हे ढालपंखी गणातील काही लहान कीटकांचे सामान्य नाव आहे. पर्णभुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुलातील कॅसिडिनी या उपकुलात त्यांचा समावेश होतो. यांतील काही जातींचा रंग सोन्यासारखा चकाकतो. मात्र कीटक मरून सुकला की ही चकाकी नाहीशी होते. त्यामुळे जिवंत कीटकाचे निरीक्षण आणि छायाचित्रण यांना त्याच्या अभ्यासात विशेष महत्त्व आहे.

शरीररचना

बहुतेक जातींची लांबी सुमारे 5 ते 12 मिलिमीटर असते. वक्षावरील कवच आणि कडक झालेले पुढचे पंख यांच्या कडा बाहेरच्या बाजूस पसरून घुमटाकार ढाल तयार होते. अनेक जातींत या कडा काचेसारख्या पारदर्शक असतात. धोका जाणवताच भुंगेरा डोके, पाय व शृंगिका ढालीखाली ओढून घेतो आणि पानाला घट्ट चिकटून बसतो. मुंगीसारख्या शत्रूला मग त्याला पकडणे अवघड जाते.

रंग

सोनेरी छटा कोणत्याही सोनेरी रंगद्रव्यामुळे येत नाही. कवचातील अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होतो, त्यामुळे ती दिसते. पनामातील कॅरिडोटेला एग्रेजिया या जातीवरील संशोधन 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. या जातीत थरांमधील सूक्ष्म छिद्रे द्रवाने भरलेली असताना कवच आरशासारखे चमकते. कीटक बिथरला की द्रव बाहेर जातो, थर पारदर्शक होतात आणि खालचा लाल रंग दिसू लागतो. संग्रहालयातील वाळलेले सोनेरी भुंगेरे निस्तेज तपकिरी दिसतात, कारण कवचातील ओलावाच नाहीसा झालेला असतो.

जीवनक्रम

अळीच्या अंगावर काटेरी उपांगे असतात. शरीराच्या मागील टोकाशी असलेल्या दुबेळक्यावर अनेक जातींच्या अळ्या आपली विष्ठा व टाकलेली कात साठवतात. हा भार त्या पाठीवर छत्रीसारखा धरून शत्रूपासून बचाव करतात. अळी व प्रौढ दोघेही पाने खातात.

आढळ

भारतात आढळणाऱ्या ॲस्पिडिमॉर्फा या प्रजातीतील भुंगेरे रताळे, बेशरम आणि गारवेलीच्या कुळातील इतर वनस्पतींवर राहतात. पानांवरील गोल छिद्रे हा त्यांच्या अस्तित्वाचा एक संकेत असतो.

निरीक्षण व छायाचित्रण

काही जाती स्पर्शाने रंग बदलत असल्यामुळे पहिले छायाचित्र कीटकाला किंवा पानाला हात न लावता, थोड्या अंतरावरून घेणे इष्ट असते. फ्लॅशचा थेट झोत गुळगुळीत कवचावर पांढरा डाग उमटवतो आणि मूळ छटा झाकून टाकतो. म्हणून सावलीतील प्रकाश किंवा पातळ पांढऱ्या कागदातून गाळलेला फ्लॅश अधिक उपयुक्त ठरतो. जवळचे चित्र घेण्यासाठी मॅक्रो भिंग वापरतात. वरून घेतलेल्या चित्राबरोबर बाजूचे चित्र, पानाची खालची बाजू, अळी आणि संपूर्ण वनस्पती यांचीही चित्रे घेतल्यास जातीची ओळख सुलभ होते. दिनांक, वेळ व ठिकाण यांची नोंद असलेले असे चित्र, वाळलेल्या नमुन्यात टिकू न शकणाऱ्या रंगाचा पुरावा ठरते.