न ऐकताही ऐकायचे संगीत

गाणे ऐकायचे म्हणजे हातातले काम बाजूला ठेवून, मांडी घालून बसायचे, अशी आपली सवय. पण ‘माझ्याकडे लक्ष द्या’ असा हट्टच न धरणारे संगीत कुणी रचले तर? जपानात तसे झाले. तिकडे त्याला ‘कांक्यो ओंगाकु’ म्हणतात. कांक्यो म्हणजे भोवतालचा परिसर, ओंगाकु म्हणजे संगीत.

मूळ कल्पना मात्र तिथली नव्हे. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९२० साली पॅरिसमध्ये, खोलीत खुर्ची-टेबल असावे तसे नुसते असणारे संगीत वाजवून पाहिले. लोक गप्पा सोडून ऐकायला लागले, तेव्हा स्वारी म्हणे सगळ्यांना ‘बोलत राहा’ म्हणून विनवत हिंडली! पुढे १९७८ साली ब्रायन ईनो या इंग्रज कलावंताने विमानतळासाठी म्हणून एक तबकडी काढली. तिचे पडसाद टोकियोतही उमटले.

टोकियोत हारा नावाचे कलासंग्रहालय होते. १९३८ साली राहण्यासाठी बांधलेला बंगला, १९७९ पासून त्यात चित्रे. हिरोशी योशिमुरा हे संगीतकार तिथे गेले. खिडकीतून अंगणातली झाडे दिसत होती. आपण घरी केलेली ध्वनिफीत इथे वाजावी असे त्यांना वाटले, आणि संग्रहालयाने ते मान्य केले. फीत तरी कशी? विजेवरचा एक पियानो, मोजके स्वर, तेच पुन्हा, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. प्रथम ऐकताना मी ‘आता सुरू होईल’ म्हणून वाट पाहत बसलो. ते तर केव्हाच सुरू झालं होतं! दुसऱ्या खेपेला त्या मोकळ्या जागांतून माझ्याच अंगणातल्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. मग थोडंफार उमगलं.

संग्रहालयात येणारे विचारू लागले, हे विकत कुठे मिळेल? सातोशी आशिकावा या तरुणाने १९८२ साली आपल्या ‘वेव्ह नोटेशन’ मालेतली पहिली तबकडी म्हणून ते काढले: ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’. जगात आवाज आधीच फार झालेत, भर घालायची तर जपून घालावी, असे आशिकावाचे मत. पुढच्याच वर्षी तो अपघातात गेला.

मग कारखानदारांचेही लक्ष गेले. १९८६ साली योशिमुरांनी मिसावा या घरे बांधणाऱ्या कंपनीसाठी एक तबकडी केली. मला यात कमीपणा वाटत नाही. कलेला आश्रय कुणीतरी द्यावाच लागतो. पण मोठा श्रोतृवर्ग काही लाभला नाही. मिदोरी ताकादा या बाईंनी १९८३ साली सगळी वाद्ये एकटीने वाजवून दोन दिवसांत एक तबकडी केली; तीही फारशी खपली नाही.

२०१७ साली ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ आणि ताकादाबाईंची तबकडी या दोन्ही परदेशांत पुन्हा निघाल्या आणि तरुण पोरे त्यांवर तुटून पडली. ताकादाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. त्या देशोदेशी जाऊन वाजवू लागल्या. योशिमुरा २००३ सालीच वारले होते. हारा संग्रहालयही जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले.